त्र्याहत्तरावा दात

पोटासाठी मी नेमकं काय करतो, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. निपाणीला कुणी विचारलं की ती सांगायची, "बेंगळुरात मशीन दुरुस्त करतोय." ऐकणाऱ्याला मशीन म्हणजे शिवणाचंच वाटायचं. एका दिवाळीला घरी गेलो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बायका आपापली मशीनं रिक्षात घालून दारात हजर. त्यातलं एक मी उघडलं आणि चार तास खपून कायमचं बंद पाडलं. त्यानंतर गावात माझ्या नोकरीची चौकशी कुणी केली नाही.

तर खरं काम सांगतो. सीएनसी म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणारं, धातू कापायचं यंत्र. एरवी कारागीर हातानं चाकं फिरवून हत्यार पुढेमागे नेतो. इथे कॉम्प्युटर नेतो. डावीउजवीकडे किती, पुढेमागे किती, वरखाली किती, हे तीन आकडे सांगितले की हत्यार बरोबर त्या जागी जाऊन उभं राहतं. या तीन दिशांना आम्ही तीन अक्ष म्हणतो. पीन्या या बेंगळुरातल्या औद्योगिक वस्तीतल्या आमच्या कारखान्यात असली यंत्रं बनायची. ती गिऱ्हाइकाकडे बसवून देणं आणि रुसली की समजूत काढायला जाणं, हे माझं काम.

समजूत म्हणजे कशी, त्याचा एक नमुना देतो. होसूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात आमचं यंत्र रोज बाराच्या सुमाराला बंद पडायचं आणि एक वाजून गेला की आपलं आपण बरं व्हायचं. मी दोन दिवस सर्किटं तपासली. मालकाला इंग्रजीत पुष्कळ कारणं सांगितली. तिसऱ्या दिवशी तिथला एक कामगार माझ्याजवळ येऊन अदबीनं म्हणाला, "सर, तुमचापण डबा ठेवू का? मागं छान गरम होतो." यंत्राच्या विजेच्या कपाटातून गरम हवा बाहेर पडते, त्या जाळीला टेकून अकरा डबे रचून ठेवले होते. हवा कोंडली की कपाट तापायचं आणि यंत्र थांबायचं. एक वाजता मंडळी जेवायला बसली की जाळी मोकळी. मी अहवालात 'वायुवीजनातील अडथळा' असं लिहिलं. डब्याबद्दल त्याला नाही म्हणालो, कारण माझ्याकडे डबा नव्हता. डबा भरून देणारं कुणी नव्हतं आणि स्वतः भरण्याइतका स्वतःचा आदर नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या मधली ही वर्षं. मी चाळिशी ओलांडलेली, लग्न झालेलं नाही. ते का, याला कारण शोधायला गेलो तर वायुवीजनातील अडथळा यापलीकडे काही सापडत नाही. मल्लेश्वरममध्ये एका घराच्या माडीवर भाड्यानं खोली घेतली होती. घरमालकीण सुमित्राक्का. त्यांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं, बाजारात पूजासामानाचं दुकान. घरात मराठी बोलायचे, पण ती अशी की निम्मी कन्नड पोटात घेऊन आलेली. माझी सीमाभागाची भाषा ऐकून अक्कांना पहिल्या दिवशीच बरं वाटलं होतं. पण मी खाली फारसा उतरत नसे. शनिवारी संध्याकाळी खोलीचं दार लावलं की सोमवारी सकाळी बसच्या कंडक्टरला "पीन्या, एक" म्हणेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. कधी कधी त्या पहिल्या शब्दाला आवाजच फुटायचा नाही, आणि कंडक्टर वैतागायचा.

रविवार संपवायला म्हणून मी घरी एक यंत्र बांधायला घेतलं. भंगारात निघालेल्या छोट्या मिलिंग मशीनचा सांगाडा चार हमालांकडून माडीवर चढवला. एस. पी. रोडवरच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या दुकानांतून मोटारी आणल्या. ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर मिळाला. त्याची प्रिंटरची केबल छपाई करायची, ती मी मोटारींना जोडली. प्रोग्रॅम स्वतः लिहिला. दोन वर्षांत माझं घरगुती सीएनसी तीन अक्षांवर हलायला लागलं. त्यावर मी काय बनवलं? पितळी पट्टीवर स्वतःचं नाव कोरलं. मग दारावर लावायला पाटी कोरली. माझ्या दारावर कोण येणार होतं, हा प्रश्न पाटी लावून झाल्यावर पडला.

तीन अक्ष पुरे झाले होते आणि रविवार उरले होते. म्हणून चौथा अक्ष बसवायचं ठरवलं.

चौथा अक्ष म्हणजे फिरणारा. वस्तू एका दांड्यावर पकडायची आणि कॉम्प्युटरनं ती जागच्या जागी हवी तेवढी फिरवायची. तसं झालं की गोल वस्तूच्या अंगावर काम करता येतं, दातेरी चाक कापता येतं. यासाठी मी स्टेपर मोटर घेतली. ही मोटर भर्रकन फिरत नाही, पावलं टाकते. माझी मोटर एका फेऱ्यात चारशे पावलं टाकायची. पुढे चाळीसपट संथ करणारी दातांची जोडी बसवली, म्हणजे दांड्याचा एक फेरा पुरा व्हायला सोळा हजार पावलं. या मोटारीचा स्वभाव लक्षात ठेवा: ती आज्ञाधारक आहे आणि आंधळी आहे. 'दोनशे पावलं टाक' म्हटलं की टाकते, पण पोचली की नाही ते सांगत नाही. वीज गेली की आपण कुठे उभे होतो, तेही विसरते. मोजणं सगळं हुकूम देणाऱ्याच्या हातात.

पहिल्या दिवशी मी तिच्या तारा उलटसुलट जोडल्या. मोटर फिरेना, जागच्या जागी थरथरून सूर काढायला लागली. वेग बदलला की सूर बदले. मी तासभर प्रयोग केले. मग जिन्यावर पावलं वाजली आणि अक्का दारात उभ्या.

"दत्ता, कुणाला कोंडून घातलायस काय रे आत?"

"नाही अक्का, मोटर आहे."

"मोटर रडते होय? खाली सूनबाई म्हणती, सनई शिकायला लागलेत वाटतं. मी म्हटलं, सनई वाजवायला स्वल्प तरी आनंद पाहिजे माणसाला." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. एक खाट, एक खुर्ची, आणि बाकी सगळं यंत्र. "याला काय काय येतं?"

"काहीही कापता येतं. कितीही दातांचं चाक करता येतं."

हे वाक्य मी बोललो नसतो तर हा लेख नसता.

महिनाभरात चौथा अक्ष नीट फिरायला लागला, आणि एका शनिवारी अक्का एका गृहस्थांना घेऊन वर आल्या. पन्नाशी उलटलेले, पांढरी लुंगी, हातात कापडी पिशवी. अक्कांच्या माहेरकडून लांबचे भाऊ. नाव हनुमंतराव, राहणार आनेकल, धंदा रेशमी विणकाम.

"हा तो दत्ता," अक्का त्यांना म्हणाल्या. "याच्यापाशी सगळं आहे. तेवढं बोलणं नाही. तूच बोल."

हनुमंतरावांनी पिशवीतून एक ओतीव लोखंडाचं चाक काढलं. कडेला आरीसारखे दात, त्यातले चार उडालेले. त्यांचा माग पायानं चालवायचा, जुना, लोखंडी. बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. मागावर एक आडवा धागा विणून झाला की एक खिटी या चाकाचा एक दात पुढे ढकलते आणि विणलेलं कापड तेवढंसं गुंडाळलं जातं. दर धाग्याला एक दात. चाक बिघडलं की माग उभा.

"किती दात आहेत?" मी विचारलं.

"त्र्याहत्तर, अण्णा." माझ्याहून बारा वर्षांनी मोठा माणूस मला अण्णा म्हणत होता. "पीन्यात दोघातिघांना विचारलं बघा. म्हणतात, त्र्याहत्तर आमच्यानं होत नाही. बहात्तर करून देतो, नाहीतर पंचाहत्तर घ्या."

ते खरं होतं. साध्या कारखान्यात चाकाचे दात भोकांच्या तबकडीवर मोजून पाडतात, आणि त्र्याहत्तर हा असा हट्टी आकडा आहे की त्या तबकड्यांत तो बसत नाही. मला मनातून गुदगुल्या झाल्या. तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांची समजूत काढल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी असं काम घेऊन आलं होतं, जे फक्त माझ्या खोलीत होणार होतं.

आता इथे एक गोष्ट कबूल करतो. बहात्तर दातांनी काहीसुद्धा बिघडलं नसतं. कापडाची वीण शंभरात एका धाग्यानं इकडेतिकडे झाली असती आणि ती कुणाच्या बापाला दिसली नसती. हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हणालो, "बहात्तर कशाला? त्र्याहत्तर म्हणजे त्र्याहत्तर."

हनुमंतरावांचा चेहरा उजळला. मग त्यांनी मागावर काय आहे ते सांगितलं. धाकटी मुलगी यमुना, तिचं लग्न. मुहूर्ताची साडी ते स्वतः विणत होते. थोरलीलाही बापानं विणलेली साडी मिळाली होती. घरातला शिरस्ताच तो. पदर झाला, पुढची निम्मी साडी झाली आणि चाक फुटलं. आता लग्न चार आठवड्यांवर.

"हातानं गुंडाळत नाही का विणता येणार?"

"येतं की. पण मग वीण कुठं दाट, कुठं विरळ. दुकानातल्या साडीला चालेल. हिला नको."

दोन शनिवार-रविवार खर्चून मी पितळी चकती तयार केली आणि चौथ्या अक्षावर चढवली. सोळा हजार भागिले त्र्याहत्तर, दोनशे एकोणीस. दर दाताला दोनशे एकोणीस पावलं, हत्यार खाली, एक घास, हत्यार वर, पुन्हा दोनशे एकोणीस. सहा तास चाललं. मी खुर्चीत बसून प्रत्येक दात मोठ्यानं मोजत होतो. रविवारी माझ्या खोलीत एवढा माणसाचा आवाज पहिल्यांदाच झाला असेल. त्र्याहत्तर मोजले, बरोबर शेवटच्या ठिकाणी फेरा पुरा झाला. चाक उन्हात धरून मी स्वतःशीच हसलो. दात मोजले. दोन दातांमधलं अंतर मोजायचं सुचलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी बसनं आनेकलला गेलो. लग्नाला बारा दिवस उरलेले. चाक बसवलं. हनुमंतराव मागावर बसले, पाय हलू लागले, खिटी टिकटिक बोलू लागली. लालसर रंगाची साडी, त्यात बारीक बुट्ट्या. अर्धा हात कापड गेलं तरी कुरकुर नाही. आतून यमुना आली. सावळी, किडकिडीत, बोटांना रेशमाचा रंग लागलेला.

"मामा, जेवायला बसा. पानं मांडलीत."

"नको, मला निघायला हवं. काम आहे."

रविवारी दुपारी एक वाजता मला कुठलं काम होतं? हनुमंतरावांनी हात धरला, त्यांच्या बायकोनं दारातून आग्रह केला. पण एवढ्या माणसांत बसून जेवायचं, कुणी वाढेल, कुणी विचारेल, घरी कोण कोण असतं? मी एक वाजताची बस आहे म्हणालो. बस दोन वाजता होती. तासभर स्टँडवर शेंगा खात बसलो.

त्या घराचं दार पश्चिमेला आहे. चार वाजता दारातून तिरपं ऊन मागावर येतं. ते आलं आणि यमुनाला साडीत रेघ दिसली. एक नाही, पुष्कळ. मी तेव्हा बसमध्ये होतो.

सोमवारी हनुमंतराव आमच्या कारखान्याच्या फाटकावर आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्राची कापलेली लांब पट्टी. यमुनानं ती कापडावर ठेवून जिथे जिथे रेघ होती तिथे पेन्सिलीनं खूण केली होती. अकरा खुणा, एकसारख्या अंतरावर.

"दर सव्वा इंचाला एक रेघ पडते, अण्णा. तिथं धागे एकावर एक बसतात."

इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट माझ्या अंगात भिनली होती. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की पहिला दोष गिऱ्हाइकाच्या वापराचा. मी पट्टी हातात घेतली, न पाहता म्हणालो, "तुमच्या मागाचा रोलर वाकला असणार. जुना आहे ना."

"यमुनानं सुईनं धागे मोजलेत. दोन रेघांमध्ये त्र्याहत्तर भरतात म्हणती."

हे ऐकून कुठल्याही शहाण्या माणसाला घाम फुटला असता. मला नाही फुटला. मी म्हणालो, "पोर आहे ती. एवढे बारीक धागे मोजताना एखाददुसरा इकडचा तिकडे होतोच. तुम्ही रोलर खोलून बघा."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणून ते गेले.

बुधवारी संध्याकाळी ते माडीवर आले. दोन दिवस बापलेकीनं अख्खा माग खोलून पाहिला होता. साडी वर ताणलेली ठेवून, तिला धक्का न लावता. बोटांना काळं तेल. पिशवीतून माझं पितळी चाक काढून त्यांनी खुर्चीवर ठेवलं.

"रोलर सरळ आहे, अण्णा. हे तुमच्यापाशी राहू दे."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, कारणं सांगितली असती. ते जिना उतरून गेले आणि मी त्या चाकासमोर उभा राहिलो, कारण खुर्चीवर ते होतं.

मग शाईचा पॅड घेतला, चाकाचे दात त्यावर फिरवले आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्याच्या पाठीवर चाक लोळवलं. ओळीनं दातांचे ठसे. कंपासनं एकेक अंतर मोजत गेलो. सगळी सारखी. बहात्तर अंतरं सारखी, आणि शेवटचं केसभर मोठं. पाव मिलिमीटर. खिटी त्या दाताशी पोचेपोचेतो घसरायची, दोन-तीन हिसक्यांनंतर पकडायची, आणि तेवढ्यात विणलेले धागे एकाच जागी बसायचे. एका फेऱ्याला एकदा. दर त्र्याहत्तर धाग्यांनी. पोरीनं मोजले तसेच.

चूक कुठे होती सांगतो. सोळा हजाराला त्र्याहत्तरनं भागलं की दोनशे एकोणीस येतात आणि वर पावलाचा बारीकसा तुकडा उरतो. अर्धं पाऊल नाही, पाव नाही, त्याहून कमी. मोटारीला पाऊल पुरं टाकता येतं, तुकडा नाही. म्हणून मी तो सोडून दिला. प्रत्येक दाताला सोडून दिला. आणि तो कुठे गेला नव्हता. सगळे तुकडे साठून तेरा पावलं शेवटच्या दातापाशी वाट पाहत बसली होती.

पंगतीत पाट मांडताना, पहिल्या पाटापासून वीतभर सोडून दुसरा, दुसऱ्यापासून वीतभर सोडून तिसरा असं करत गेलं की वीत दर वेळी किंचित कमी भरते आणि शेवटच्या माणसापुढे भलतीच जागा उरते. शहाणा वाढपी भिंतीपासून दोरी धरतो. प्रत्येक पाट पहिल्यापासून मोजायचा, शेजाऱ्यापासून नाही. एका ओळीचा फरक. प्रोग्रॅममध्येही एकाच ओळीचा. मी ती ओळ दुरुस्त केली आणि गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली. पाच वर्षांत माझी पहिली रजा. साहेबांनी फोनवर विचारलं, "काय दत्तात्रय, लग्न ठरलं की काय?"

"हो," मी म्हणालो. "माझं नाही."

जादा म्हणून करून ठेवलेल्या पितळी चकत्या दोन होत्या. सकाळी पहिली चढवली. एक्केचाळिसाव्या दातावर खोलीतला दिवा मिणमिणला, कॉम्प्युटरनं डोळे मिटून पुन्हा उघडले आणि मोटर आपण कुठे आहोत ते विसरून गेली. खाली अक्कांनी इडलीचं ग्राइंडर लावलं होतं. चकती वाया. मी जिना उतरून गेलो. त्या घरात राहायला आल्यापासून मी स्वतःहून खाली उतरून काही मागायची ही पहिली वेळ होती.

"अक्का, आज ग्राइंडर बंद ठेवाल का? यमुनाच्या साडीचं चाक आहे. एकच चकती उरलीय."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "मघाशीच तोंड उघडलं असतं तर?" मग आत वळून म्हणाल्या, "सूनबाई, आज काही लावू नकोस. इस्त्री नको, मिक्सर नको. तांदूळ भिजलेत ते भिजू देत."

आणि त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर भाजीचं ताट घेऊन बसल्या, घरातलं कुणी चुकून बटण दाबू नये म्हणून. सहा तास. मी वर मोजत होतो, "एकोणतीस… तीस…" आणि मधूनच खालून आवाज यायचा, "कितवा रे?"

"बत्तीस."

"सावकाश. घाई करू नको."

चाक झालं. शाई लावून लोळवलं, एकूण एक अंतर मोजलं, दोनदा. संध्याकाळच्या बसनं आनेकलला पोचलो. दिवसाउजेडाशिवाय रेघ दिसली नसती, तेव्हा मुक्काम करणं भाग होतं. या वेळी जेवायला बसा म्हणायच्या आधीच बसलो. काय वाढलं ते आठवत नाही. कुणीही मला काही विचारलं नाही, एवढं आठवतं. सगळ्यांचं लक्ष चाकाकडे.

सकाळी यमुनानं मागच्या दाराचे दोन्ही फळ्या उघडल्या. पूर्वेचं ऊन तिरपं आत आलं. हनुमंतरावांनी पाय हलवले. ती कापडाशी वाकून सुईच्या टोकानं धागे मोजत होती, ओठ हलत होते. मी तिच्या शेजारी उकिडवा. सत्तर. एकाहत्तर. बहात्तर. खिटी पडली, टिक. त्र्याहत्तर. रेघ नाही. आणखी एक फेरा. आणखी एक. चौथ्या फेऱ्याला हनुमंतरावांनी पाय थांबवला आणि कपाळ पुसलं.

"झालं," यमुना म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मामा, आता रोलर परत खोलायचा का?"

हनुमंतराव खो खो हसले. मी मागाच्या खांबाकडे तोंड करून, "चूक माझीच होती, हनुमंतराव," म्हणालो. ते तिला म्हणायला हवं होतं, ते तिच्या बापाला म्हटलं. तेवढंच जमलं.

अकरा रेघा तशाच राहिल्या. त्या उसवायच्या तर उभे धागे तुटले असते आणि नवीन ताणा घालायला वेळ नव्हता. दीड वीत कापड, साडीच्या ऐन मध्यात.

लग्नाला गेलो. हनुमंतरावांनी पंगतीत माझी सगळ्यांशी ओळख करून दिली, "हे आमचे त्र्याहत्तर अण्णा." पलीकडच्या म्हाताऱ्याला वाटलं माझं वय सांगताहेत, तो म्हणाला, शरीर छान ठेवलंय. मी आभार मानले. जेवणानंतर यमुना नवऱ्याबरोबर सगळ्यांच्या पाया पडत माझ्यापर्यंत आली. लालसर साडी झळझळत होती, कुठे काही दिसत नव्हतं. ती वाकून उठताना निऱ्यांची एक घडी तिनं दोन बोटांनी जराशी उलगडली.

"सगळ्या निऱ्यांत गेल्या. अकरा आहेत, मामा. मोजून बघा."

"नको," मी म्हणालो. "तू मोजल्यास म्हणजे अकराच."

ती हसली, घडी मिटली आणि पुढच्या माणसाकडे वळली. मी दोनची बस आहे म्हणून सांगून निघालो. या वेळी ती खरंच दोनला होती.

पुढे हनुमंतराव गेले, माग विकला गेला. अक्काही आता नाहीत. त्या घराच्या जागी चार मजले उभे आहेत. माझं घरगुती सीएनसी मी एका पॉलिटेक्निकला देऊन टाकलं, चौथ्या अक्षासकट, आणि सोबत एक कागद दिला: प्रत्येक दात पहिल्यापासून मोजावा. निवृत्त झाल्यावर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बाजूला एका फ्लॅटमध्ये राहतो. शेजारी सगळे तरुण आहेत. कॉम्प्युटरवर दिवसभर कुणाशी तरी बोलत असतात. रविवार अजून येतातच.

पहिलं चाक मात्र माझ्यापाशी आहे. दुपारी कधी हातात घेतो आणि अंगठ्याच्या नखानं एकेक दात पुढे ढकलतो, खिटी ढकलायची तसा. टिक, टिक, टिक. मोजत नाही. एका ठिकाणी नख घसरतं, दोनदा घसरतं, मग पकडतं. तेव्हा कळतं, एक फेरा झाला. मग पुन्हा ढकलायला लागतो.